बोनेटवरची दोन बोटं

"पूस."

एवढंच म्हणाला तो. आणि बोट दाखवलं. बोनेटच्या डाव्या अंगाला हळदीचं एक बोट ओढलेलं, त्याच्या शेजारी कुंकवाचं एक. काळ्या गाडीवर ती दोन बोटं वीस पावलांवरूनही दिसत होती. ती माझ्या आईची होती. आई तिथंच उभी होती, माझ्यापासून हातभर अंतरावर, डोक्यावरचा पदर धरून.

मी पुसलं.

कसं पुसलं तेही सांगते, कारण ते मला विसरता येत नाही. फडक्याची चौघडी केली. दाब न देता, वरून खाली, एकाच दिशेनं हात फिरवला. कुंकू गेलं. फडकं उलटलं, कोरी बाजू घेतली, पुन्हा एक हात फिरवला. हळद गेली. मग वाकून उजेडात तिरकं बघितलं, पिवळी झाक राहिली का म्हणून. राहिली नव्हती. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील. आणि त्या दहा सेकंदांच्या शेवटी, खरं सांगते, काम स्वच्छ झालं म्हणून मला हलकंसं समाधान वाटलं.

त्या समाधानाची मला आजही शिसारी येते. माझीच मला.

मी भांडगावची. म्हणजे गावातली नाही, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. वस्तीचं नाव सांगितलं की समोरच्याला आमचं आडनाव विचारावं लागत नाही. चौथीत होते तेव्हा वडील गेले. आईनं खुरपणी केली, कांदा काढला, लग्नसराईत कार्यालयांची भांडी घासली आणि मला बारावीपर्यंत शिकवलं. बारावीनंतर मी शिक्रापूरला आले. एका खोलीत आम्ही पाच जणी, सगळ्या कंत्राटावर. सहा-सात महिने कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर उभी राहिले. मग कंत्राट संपलं. आमच्या खोलीच्या खालीच गाड्या चमकवायचं दुकान होतं, त्याला डिटेलिंग स्टुडिओ म्हणतात. तिथं गाड्या आतून साफ करायला बाई हवी होती. सीटखालची बिस्किटं, केस, ओकलेलं, सांडलेलं, जे कुणाला नको ते. मी लागले.

सीटखाली वाकून वाकून मी बाहेरचं काम बघत राहिले. पॉलिशचं मशीन कसं धरतात, किती दाबतात. कधी कुणी सुट्टीवर असला की मी मशीन उचलायची. दोन वर्षांत अशी वेळ आली की दुकानाचा मालक, त्याला आम्ही सर म्हणायचो, महागातली गाडी आली की मलाच पुढं करायचा. कोटिंगचं काम तर माझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही. ते औषध काचेसारखं असतं. थोडं थोडं लावायचं. लावल्यावर अर्ध्या मिनिटात त्याच्यावर तेलासारखे रंग उमटतात. रंग उमटले की पुसायचं. लवकर पुसलं तर धरत नाही, उशीर केला तर निघत नाही. ती वेळ माझ्या डोळ्याला कळायची. ती कुणी शिकवून येत नाही, आणि याचा मला गर्व होता. का नसावा? आमच्या वस्तीतून गर्व करण्यासारखं काही घेऊन निघालेली मी पहिलीच होते.

भाऊंची गाडी आली फेब्रुवारीच्या शेवटी. भाऊ म्हणजे आमच्याच भागातला मोठा माणूस. जमिनी घ्यायच्या, प्लॉट पाडून विकायचे, हा धंदा. सगळे त्याला भाऊ म्हणतात, म्हातारीकोतारीसुद्धा. भांडगावजवळ हायवेला लागून त्यानं लग्नाचं मोठं लॉन बांधलं होतं. त्याचं उद्घाटन आणि नव्या गाडीची पूजा एकाच दिवशी. पुढारी येणार होते. गाडी गेटमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहणार होती.

तीन दिवस मी त्या गाडीवर घातले. काळा रंग म्हणजे कामवाल्याची परीक्षा असते, कारण त्याच्यावर काही लपत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ स्वतः गाडी न्यायला आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग मला म्हणाला, "मॅडम, आता काय काळजी घ्यायची ती सांगा."

मला मॅडम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी डॉक्टरीणबाईसारखी सांगत सुटले. चोवीस तास पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आठवडाभर धुवायची नाही. कुणाचा हात लागू द्यायचा नाही. धूळ बसली तर कोरड्या फडक्यानं पुसायची नाही, धुळीतले खडे ओढले जातात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. धूळ फक्त हवेनं उडवायची, ब्लोअरनं. एवढं सांगून झाल्यावर, कुणी विचारलेलं नसताना, मी आणखी एक पुस्ती जोडली.

"आणि भाऊ, उद्या गाडीच्या आसपास झाडू मारू देऊ नका. तिथं मुरूम आहे. सगळी धूळ गाडीवर येईल."

"न्हाई मारू देत," भाऊ म्हणाला. "तुम्हीच या ना सकाळी ब्लोअर घिऊन. पाव्हणं जाईपर्यंत गाडीजवळ थांबा."

सरांनी लगेच मान डोलावली. झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं चौफुल्याला उतरले, तिथून वडापच्या जीपनं लॉनवर. सात वाजले होते. गाडी गेटच्या आत उभी होती. बाहेरच्या कच्च्या सर्व्हिस रोडवरून पाटसकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीमागं धुळीचा लोट उठत होता. मी म्हटलं, गाडी मागं मांडवात घ्या, पाहुणे आले की पुढं आणा. ड्रायव्हर म्हणाला, भाऊंनी न्हाई म्हणून सांगितलंय. झाकायचीपण न्हाई. येणाऱ्या जाणाऱ्याला दिसली पायजे. म्हणजे धुळीच्या तोंडात गाडी उभी करायची आणि धुळीला तोंड द्यायला मी. एक ट्रॉली गेली की मी ब्लोअर सुरू करायची. टपावरून, काचेवरून, बोनेटवरून. संपेपर्यंत दुसरी ट्रॉली. माझ्या केसांत, नाकात, दातांत मुरमाची माती गेली होती. गाडी मात्र आरशासारखी. टँकरवाल्यानं गाडीभोवती पाणी मारलं, अर्ध्या तासानं ते वाळलं, पुन्हा मारलं. आमच्या वस्तीत टँकर चौथ्या दिवशी येतो.

समोर मैदानात सात-आठ बाया खाली बसून कचरा वेचत होत्या. काल मांडव घालताना पडलेले सुतळीचे तुकडे, पानं, चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, विड्यांची थोटकं, थुंकून टाकलेल्या सुपाऱ्या. एकेक बोटानं उचलायची, घमेल्यात टाकायची, बसल्या बसल्या दोन पावलं पुढं सरकायचं. केवढं मोठं मैदान ते. कुणाच्याही हातात झाडू नव्हता. मी ते बघितलं, आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? भाऊंनी माझं ऐकलं.

बरं वाटलं मला. मॅडमचा शब्द पाळला गेला होता.

तासाभरानं त्या बाया वेचत वेचत गाडीच्या बाजूला आल्या. त्यातली एक पाठ मला ओळखीची वाटली. डाव्या गुडघ्यावर हात दाबून पुढं सरकायची लकब. मी ब्लोअर बंद केला.

"आये?"

तिनं मान वळवली. "आगं बया! तू व्हय गाडीवाली?"

गाडी घेऊन भांडगावला येणार आहे हे मी तिला फोनवर सांगितलं होतं. ती इथं कामाला येणार आहे हे तिनं मला सांगितलं नव्हतं. सांगत नाहीच ती. मी रागावते म्हणून.

"तू इथं कशी?"

"चंद्रीमावशीनं आणलं. मुकादम म्हणला, नीट काम क्येलं तर लॉनवर कायमचं ठिवीन. लांब जायाला नगं आता मला."

"आन् गुडघा असा असताना खाली बसून येचतीस? झाडू न्हाई का?"

आई हसली. "झाडू मारायचा न्हाई म्हणत्यात. गाडीवर धूळ जाती. कुणी मॅडम हाय म्हणं, तिनं सांगितलंय."

मी ब्लोअरचं तोंड पुसत राहिले.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, आये, ती मॅडम मीच. नाही म्हणाले. आई पहाटे सहापासून माझ्या शब्दापायी खाली बसली होती. लोकांची थुंकलेली सुपारी बोटानं उचलत होती, माझ्या कोटिंगला धूळ लागू नये म्हणून. आणि मी तिला विचारत होते, झाडू नाही का.

आईच्या लक्षात काही आलं नाही. ती उठली, कंबर सरळ केली आणि गाडीकडं बघितलं. गाडीत तिला तिचा चेहरा दिसला. ती जरा दचकलीच.

"ह्यो रंग तू दिलास?"

"रंग नाही गं. चमक. तीन दिवस लागले."

"येकटीनं?"

"एकटीनं."

ती पुन्हा बघत राहिली. मग म्हणाली, "तुझा बा असता तर गावभर सांगत फिरला असता." एवढं बोलून ती परत कचरा वेचायला गेली.

साडेदहाला गुरुजी आले. गाडीजवळ एक टेबल टाकलं, त्यावर पूजेचं ताट मांडलं. हळद, कुंकू, तांदूळ, नारळ, लिंबं, तांब्या. गुरुजी चहाला मांडवात गेले. भाऊ आणि त्याची बायको फोनवर फोन करत गेटच्या बाहेर उभे. पुढाऱ्यांना यायला उशीर होत होता.

मी टपावरची धूळ उडवत होते. वळून बघते तर आई ताटापाशी. नळावर हात धुऊन आली होती. डोक्यावरून पदर नीट घेतलेला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा करतात. ज्या हत्यारानं घर चालतं त्याला हळद-कुंकू लावायचं. वडील होते तोवर ते करायचे. ते गेल्यावर करायला कोण? आईनं स्वतःच्या कपाळाचं कुंकू पुसलं, ते पुन्हा लावलं नाही. वस्तीतल्या लग्नातसुद्धा ती मागं बसायची. पण खंडेनवमीला ती खुरप्याला लावायची, विळ्याला लावायची, माझ्या वह्या-पुस्तकांना लावायची. घरात दुसरं कुणी नाही, तर हातही माझाच, असं म्हणायची. मी पॉलिशिंग शिकल्यावर एका वर्षी मशीन सरांना विचारून घरी नेलं होतं. तिनं त्यालाही बोटं ओढली होती.

तर आईला ती भाऊची गाडी दिसलीच नव्हती. तिला तिच्या लेकीनं तीन दिवस राबून केलेलं काम दिसलं. ताट समोर होतं. तिनं एक बोट हळदीत बुडवलं आणि बोनेटवर ओढलं. दुसरं कुंकवात बुडवलं, त्याच्या शेजारी ओढलं. मग हात जोडले.

मी बघत होते. मीच सांगितलं होतं की कुणाचा हात लागू देऊ नका, आणि मी थांबवलं नाही. सकाळपासून पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. कोरडी हळद, कोरडं कुंकू. कोटिंगला काही होत नव्हतं. झालं असतं तरी मी थांबवलं नसतं.

"अहो! अहो, इकडं या आधी!"

भाऊची बायको. सगळे तिला वहिनीसाहेब म्हणतात. जरीचा काठ दोन्ही हातांनी वर धरून मुरमातून धावत आली.

"हे कुणी केलं? हिनं? एक तर त्या वस्तीची, वर पांढऱ्या कपाळाची! पूजेच्या आधी हिचं बोट लागलं गाडीला? काय राहिलं आता?"

माणसं जमा झाली. मांडववाले, केटरिंगवाले, ढोल-ताशावाले. आईनं पदर आणखी पुढं ओढला. "लेकीचं काम हाय म्हणून लावलं, बाई," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

भाऊ आला. तो बायकोसारखा ओरडला नाही. त्याला शहाणपण जास्त. आसपास माणसं आहेत, निवडणुका आहेत, सगळं त्याला कळतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "काल तूच म्हणली व्हतीस ना, कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई? मग? पूस."

मॅडमची तू झाली होती. आणि त्यानं काठी उचलली ती माझीच.

मी पुसलं. ते वर सांगितलंच.

पुसून झाल्यावर वाटलं, संपलं. पण वहिनीसाहेबांचं समाधान झालं नव्हतं. नुसत्या पुसण्यानं काय होणार? तिनं पिशवीतून गोमूत्राची बाटली काढली. वाटीत ओतलं. त्यात दूर्वांची जुडी बुडवली आणि ती वाटी माझ्यापुढं धरली.

"हे शिंपड तिथं. चांगलं शिंपड, सगळ्या बोनेटवर."

वाटीचा दर्प आला आणि त्याच्यात तिच्या अंगावरचं अत्तर मिसळलेलं. मी एक पाऊल मागं सरले.

पहिल्यांदा मी कोटिंगच्या आडच लपले, हे कबूल करते. "भाऊ, ओलं नाही चालत," मी म्हणाले. "चोवीस तास झाले नाहीत."

"आगं, त्ये पाणी हाय का? गोमूत्राला काय हुतंय?"

"डाग पडतील."

"पडूंदे. शिंपड."

पडू दे म्हणाला. ज्या गाडीला धूळ लागू नये म्हणून आठ बाया चार तास खाली बसल्या होत्या, त्या गाडीला डाग पडू दे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. धुळीचा काही संबंधच नव्हता. माझ्या विद्येचाही नव्हता. माझे नियम त्यांना गरज होती तोवर नियम होते, आणि ते लागू करायला आमच्याच बायांच्या पाठी होत्या. त्यांना जे गाडीवर नको होतं ते मुरमाच्या मातीपेक्षा खालचं होतं. ते माझ्या आईच्या बोटाला लागलेलं होतं. म्हणजे माझ्याही. तीन दिवस याच हातांनी मी ती गाडी इंच इंच चोळली होती, दारं, आरसे, भाऊ जिथं बसतो ती सीट. त्या हातांवर गोमूत्र कुणी शिंपडलं नव्हतं. चमक मिळत होती तोवर हात चालला.

"मी नाही शिंपडणार."

"का?"

"माझ्या आईनं हात लावलाय तिथं."

माझा आवाज मोठा नव्हता. पण ढोलवाल्यानं काठ्या खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. भाऊ हसला. "आस्सं," म्हणाला. "ही तुझी आई व्हय? मग आधी सांगायचं." जणू आधी सांगितलं असतं तर त्यानं तिला खुर्ची दिली असती.

"ए पोरी, बारक्या गोष्टीचा इश्यू करू नगं. तुझ्या मालकाला फोन लावू का?"

"लावा."

मी ब्लोअर टेबलावर ठेवला आणि बाजूला झाले. गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी दूर्वांनी गोमूत्र शिंपडलं, बोनेटभर थेंब उडाले. मग ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं. मग पाच सवाष्णी आल्या. एकेकीनं बोटं बुडवली, बोनेटला टेकवली, वर तांदूळ चिकटवले. अंगठ्या, बांगड्या कोटिंगवर आपटत होत्या. कुणीही म्हणालं नाही, हात लावू नका. चाकाखाली लिंबं ठेवली. नारळ फोडला, त्याचं पाणी टपावरून ओघळलं. टाळ्या झाल्या.

मी आईकडं वळले. मला वाटलं ती माझ्या मागंच उभी असेल. ती नव्हती. ती मैदानात परत जाऊन खाली बसली होती. कचरा वेचत होती.

"आये, चल घरी."

"काम सोडून कुठं येऊ?"

"त्यांनी एवढं बोलल्यावर?"

तिनं वर बघितलं नाही. "तू कशाला बोललीस? त्यो मुकादम ठिवतो म्हणला व्हता मला."

मी एकटी निघाले. लाज कशाची वाटत होती ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. भाऊची किळस होती, त्याच्या बायकोची होती. टाळ्या वाजवणाऱ्यांची, त्यात आमच्या वस्तीतलेही दोघंतिघं होते, त्यांची होती. पण सगळ्यात जास्त स्वतःचीच. वहिनीसाहेबांनी वाटी पुढं केली तेव्हा मी नाही म्हणाले, हे खरं. पण त्याच्या आधी फडक्याची चौघडी करणारी मीच होते. आणि त्याच्याही आधी, आदल्या संध्याकाळी, आगाऊपणानं, कुणी न विचारता, झाडू मारू देऊ नका सांगणारी मीच. चमकणाऱ्या गाडीपाशी उभी राहिले की मी गाडीवाल्यांच्या बाजूची झाले असं मला वाटायला लागलं होतं. खाली वाकलेल्या बाया मला एक तासभर माणसं म्हणून दिसल्याच नाहीत. आई त्यांत नसती तर शेवटपर्यंत दिसल्या नसत्या.

चार वाजता आई घरी आली. मुकादमानं उद्यापासून येऊ नको सांगितलं होतं. तिनं हातपाय धुतले, गुडघ्याला तेल लावत बसली. मी तिच्यासमोर बसले.

"आये, ती मॅडम मी होते. झाडू मारू नका असं मीच सांगितलं होतं."

ती तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "तुला काय ठावं, मी हाय म्हणून."

मला ती माफी नको होती. "तू नसतीस तरी दुसऱ्या कुणाची आई होतीच," मी म्हणाले.

आईनं तेलाची बाटली बाजूला ठेवली. "व्हय," ती म्हणाली. "चंद्री व्हती. तिची तर कंबरच धरलीया."

तिनं मला कुरवाळलं नाही, मी रडले नाही. रात्रीच्या आधीच मी शिक्रापूरला परतले.

चौथ्या दिवशी गाडी दुकानात आली. भाऊ सोबत होता, सरांच्या एसी केबिनमध्ये बसला होता. सरांनी मला बोलावलं. मी बोनेट बघितलं. बोनेटभर, डाव्या अंगाला जास्त, पांढरी वर्तुळं उमटली होती, गोमूत्राच्या थेंबांची. उन्हात वाळून कच्च्या कोटिंगमध्ये उतरली होती. दोन पोरांनी सकाळपासून घासून बघितलं होतं, निघाली नव्हती. उलट शेजारी ओरखडे पडले होते.

"निघतील का?" सरांनी विचारलं.

मी बोट फिरवून बघितलं. "निघतील."

भाऊ केबिनमधून बाहेर आला. आज त्याचा चेहरा मऊ होता. "झालं गेलं, पोरी. बायकांचं बोलणं काय मनावर घ्यायचं? तुझ्या हातात कला हाय, म्हणून आलो तुझ्याकडं. आईलापण सांग, लॉनवर ये म्हणावं. मी बोलतो मुकादमाला."

ऐकलं का? आईचं काम त्यानं माझ्या हातावर ठेवलं, भिकाऱ्याच्या हातावर ठेवावं तसं. मी डाग काढायचे, मग आईला वाकायला मिळणार. सर डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण. तासाभराचं काम होतं. खोलीचं भाडं, घरी पाठवायचं, आईचा गुडघा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी काही आकाशातून पडलेली नाही.

"नाही काढणार," मी म्हणाले.

"का? आत्ताच म्हणलीस निघतील."

"निघतील. माझ्याकडून निघतील. म्हणूनच सांगते. माझ्या आईनं लावलेलं होतं ते मी पुसलं. हे तुम्ही लावलंय. हे तुमचं तुम्ही पुसा."

भाऊचा चेहरा परत त्याचा झाला. त्यानं मला जे म्हटलं ते मी लिहीत नाही, वस्ती कुठली ते सांगितलंय, त्यावरून तुम्हाला कळेल. सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी म्हटलं, बरं. ॲप्रन काढला, खुंटीला लावला, जिना चढून खोलीवर गेले.

आता मी पुन्हा पॅकिंगच्या लाइनवर उभी आहे, कंत्राटावर. पॉलिशचं मशीन हातातून सुटून वर्ष होऊन गेलं. आई दुसऱ्याच्या शेतात कांदा काढायला जाते, गुडघा दाबत. भाऊचं लॉन जोरात चाललंय. त्या गाडीचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून चांगलं काम घालवलंस. आईसुद्धा कधीकधी म्हणते.

मागच्या महिन्यात लाइनवर सुपरवायझर एका बाईला म्हणाला, साहेब येणार आहेत, खाली बसून हातानं फरशी पूस, मॉपचे ओघळ दिसतात. मग माझ्याकडं वळून म्हणाला, तू शिकलेली आहेस, तू तिच्यावर लक्ष ठेव. मी मशीन बंद केलं. म्हटलं, ती बसणार नाही आणि मी लक्ष ठेवणार नाही. मॉप आणा. त्याला राग आला, माझं नाव त्यानं वर कळवलंय. कळवू दे. एकदा मी दहा सेकंदांत माझ्या आईला पुसून टाकलंय. ते कुणाच्या माफीनं निघणार नाही, आणि निघावं असं मला वाटतही नाही. पण हा हात आता मला विचारून चालतो, आणि कुणाला वाकवायला सांगितलं तर मी नाहीच म्हणते.